खुलासा : रशियाला जर्मन ‘झार’ मिळालेला नाही

‘रशियाच्या गादीवर जर्मन राजपुत्र, निकोलस तिसरा’ असा मजकूर फिरतो आहे. नाव खरे, गादी मात्र नाही.

हे गृहस्थ म्हणजे बव्हेरियातल्या आमोरबाखच्या लायनिंगन घराण्यातले कार्ल एमिख, जन्म १९५२. त्यांनी २०१३ मध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ स्वीकारला, निकोलस हे नाव घेतले आणि रशियातल्या एका राजसत्तावादी पक्षाने त्यांना वारस ठरवून टाकले. एका पक्षाने! रशियन सरकारने नव्हे. तिथली राजेशाही १९१७ मध्येच संपली. वाद आहे तो फक्त रोमानोव्ह या झारांच्या घराण्याचे प्रमुखपद कोणाकडे, एवढाच.

त्यातली दुसरी दावेदार मारिया व्लादिमिरोव्हना. गंमत अशी की दोघेही एकाच किरिलचे वंशज. किरिल हा शेवटच्या झारचा चुलतभाऊ. मारिया त्याच्या मुलाची मुलगी, तर कार्ल एमिख त्याच्या मुलीचा नातू. आपल्या हिशेबाने ती यांची आत्याच लागते, वयाने दीड वर्षाने लहान असली तरी. १७९७ च्या वारसा कायद्यात १८२० मध्ये घातलेल्या नियमानुसार वारसाचा विवाह तोलामोलाच्या राजघराण्यात व्हावा लागे. मारियाच्या आईचे माहेर, जॉर्जियाचे बाग्रातिओनी घराणे, त्या तोलाचे होते का, यावरच विरोधकांचे बोट आहे. रोमानोव्ह कुळातल्या इतर अनेकांनाही तिचा दावा अमान्य होता.

आणखी एक. कार्ल एमिख लायनिंगन घराण्याचेही प्रमुख नाहीत. १९९१ मधल्या दुसऱ्या लग्नापायी तो मान धाकट्या भावाकडे, आंद्रेआसकडे गेला.