शेणखत, नायट्रेट आणि माझं एक चुकलेलं वाक्य

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती सेंद्रिय शेतीला बळ द्यावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: शेणखतातूनही नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळून विहिरीत उतरणारं रूप) झिरपतंच, सेंद्रियात उत्पादन घटतं, म्हणजे क्विंटलमागे प्रदूषण उलट वाढतं, श्रीलंकेत काय झालं ते जगाने पाहिलं, आणि पाणी शुद्ध करायला यंत्रं असताना हे जू शेतकऱ्याच्या मानेवर कशाला? ‘पोट भरलेल्यांचे चोचले’ हा शेवटचा शेरा सोडून देतो. बाकीच्याला उत्तर देणं भाग आहे, कारण त्यातल्या एका मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात आणि मी चूक.

तो मुद्दा शेणखताचा. ‘सेंद्रिय शेतीतून नायट्रेट झिरपत नाही’ असं मी सरळ ठोकून दिलं होतं. ते खरं नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे, तिथे 1843 पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्यात वर्षानुवर्षं हेक्टरी 35 टन शेणखत पडत आलंय, म्हणजे 200 किलोहून जास्त नत्र. आणि बेताच्या मात्रेत रासायनिक खत दिलेल्या पट्ट्यांपेक्षा या शेणखताच्या पट्ट्यातून निचऱ्यावाटे जास्त नायट्रेट जातं. कारण साधं आहे. खतातलं नत्र जिवाणू मोकळं करतात, ते जमिनीची ऊब आणि ओल बघून. वर पीक उभं आहे की रान मोकळं पडलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मोकळं झालेलं नत्र शेवटी नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋण भार, चिकणमातीच्या कणांवरही ऋण भार. नत्राचं दुसरं रूप अमोनियम, त्यावर धन भार; माती त्याला धरून ठेवते, नायट्रेटला नाही. पाऊस पडला की ते पाण्याबरोबर खाली. शेणातून आलं की पोत्यातून, हे पाणी विचारत नाही.

याहून वाईट एक प्रकार सेंद्रियवाल्यांच्याच हातून होतो. दोन-तीन वर्षं जोपासलेलं क्लोव्हरसारखं द्विदल चाऱ्याचं पीक पावसाच्या तोंडावर नांगरून टाकायचं आणि रान तसंच उघडं ठेवायचं. पिकाच्या मुळापानांत आणि मातीत साठलेलं नत्र एकदम सुटतं आणि घ्यायला पीकच नसतं. असं एक वर्ष आधीच्या तीन वर्षांची कमाई धुऊन नेऊ शकतं.

आता क्विंटलचा मुद्दा. इथे तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो इथे लागू होत नाही. 2012 साली युरोपातल्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब करणारं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सेंद्रिय शेतातून हेक्टरी झिरपणारं नत्र सुमारे 31 टक्के कमी निघालं आणि उत्पादनाच्या एककामागे मोजलं तर सुमारे 49 टक्के जास्त. दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले. तुम्ही दुसरा उचललात, मी पहिला. मग खरा कुठला? ते तुम्ही कुणाच्या जागी उभं राहून विचारता त्यावर आहे. धान्याचा हिशेब करायचा असेल तर तुमचा. विहिरीचा करायचा असेल तर माझा, कारण विहिरीला पाणी पुरवणारं क्षेत्र ठरलेलं असतं आणि त्या क्षेत्रातून खाली काय उतरतं एवढंच तिला कळतं. वर किती क्विंटल पिकले, याची तिच्याकडे नोंद नसते.

हे हवेतलं वाटू नये म्हणून पेन्सिलीचा हिशेब इथे उतरवतो. समजा, वर्षाला 200 मिलिमीटर पाणी जमिनीत खोल मुरतं. एका हेक्टरवर ते झालं 20 लाख लिटर. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम. म्हणजे 20 लाख लिटर पाणी त्या मर्यादेला टेकवायला 100 किलो नायट्रेट पुरतं. नायट्रेटच्या वजनात नत्र जेमतेम 23 टक्के, म्हणजे 23 किलो नत्र. युरियात नत्र 46 टक्के. तर 50 किलोच्या एका पोत्यात जेवढं नत्र, तेवढं हेक्टरातून वर्षाला निसटलं की पाणी मर्यादेला लागलं. एक पोतं. भरपूर खत खाणाऱ्या पिकात एवढं निसटलेलं शेतकऱ्याच्या लक्षातसुद्धा येत नाही, उत्पादनात फरक दिसत नाही. इतक्या बारीक फरकात हेक्टरी 31 टक्के ही किरकोळ गोष्ट नव्हे.

यंत्रांबद्दल थोडक्यात. नायट्रेट काढता येतं, आयन-विनिमयाने किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने, पण ते नाहीसं होत नाही. दाट खारट पाण्यात जमा होतं आणि ते पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उरतो. कीडनाशकं काढायला सक्रिय कार्बन, म्हणजे त्यांना धरून ठेवणारा खास कोळसा, वापरतात. तो भरला की बदला, पुन्हा भरला की पुन्हा बदला. जर्मनीने अ‍ॅट्राझिन या तणनाशकावर 1991 मध्ये बंदी घातली, तरी त्यानंतर कित्येक वर्षं ते आणि त्याच्यापासून बनणारे पदार्थ तिथल्या भूजलात सापडत राहिले. यंत्र लावायचं तर ते इतकी वर्षं चालवायचं, आणि शेतात मात्र काहीच बदलायचं नाही. मला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो.

‘शेतकऱ्याच्या मानेवर जू’ हे मात्र मला लागलं, कारण मूळ लेखात पैशांबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. ती लिहायला हवी होती. म्युनिक शहराचं बहुतेक पाणी मांगफाल खोऱ्यातून येतं. तिथे नायट्रेट लिटरला 14-15 मिलिग्रॅमपर्यंत चढलं होतं, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी खाली. तरीही 1992 पासून शहराच्या पाणीपुरवठा कंपनीने त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांशी करार सुरू केले: तुम्ही सेंद्रियाकडे वळा, हेक्टरी ठरलेली रक्कम आम्ही देतो. पुढे नायट्रेट दहाच्या खाली आलं. (तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगतो: तिथे आधीपासूनच जंगल आणि गवताळ कुरणं होती, गाई होत्या. भाजीपाल्याच्या पट्ट्यात हे इतक्या सहज जमणार नाही.) सांगायचं ते एवढंच की पाणी पिणाऱ्याने पैसे मोजले. शेतकऱ्याने पुण्य म्हणून हे करावं अशी अपेक्षा ठेवली असती, तर तुमचा शेरा मी निमूटपणे ऐकून घेतला असता.

फ्रान्समधल्या व्हित्तेलचं उदाहरण तुम्हाला कदाचित जास्त पटेल, कारण तिथे ‘सेंद्रिय’ या शिक्क्याचा आग्रहच नव्हता. बाटलीबंद पाण्याच्या कंपनीने झऱ्याभोवतालच्या शेतकऱ्यांना अटी घातल्या त्या नेमक्या पाण्यापुरत्या: मका बंद, कीडनाशकं बंद, जनावरं जमिनीला झेपतील इतकीच, शेण कुजवून कंपोस्ट करूनच शेतात. बदल्यात पैसे, 18 किंवा 30 वर्षांच्या करारांनी. मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते. शिक्का असूनही कुणी तांबं वापरतोच. द्राक्षावर मोरचूद-चुन्याची फवारणी सेंद्रियात चालते आणि तांबं जमिनीत साठत जातं. युरोपात त्यावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

श्रीलंकेवर फार लिहीत नाही. 2021 मध्ये अख्ख्या देशात एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि नोव्हेंबरात माघार घेतली. मी बोलतोय ते विहिरीला पाणी देणाऱ्या तुकड्याबद्दल, करार करून, पैसे देऊन. त्या बाहेर तुम्ही कुठलं खत घालावं यावर माझं काही म्हणणं नाही. लेखात ही सीमा मी स्पष्ट आखली नव्हती, म्हणून तुम्हाला श्रीलंका आठवली असणार.

‘फरक दिसायला किती वर्षं?’ हा तुमचा एकच सरळ प्रश्न होता आणि त्याला सरळ उत्तर नाही. उथळ, वाळूच्या थरातली विहीर दोन-चार वर्षांत बोलू लागते. खोल थरातलं पाणी कधीकधी दशकांपूर्वी मुरलेलं असतं, म्हणजे आज खत थांबवलं तरी आधीच्या पिढीने घातलेलं खालून येतच राहील. म्हणूनच व्हित्तेलच्या करारांची मुदत मला जास्त महत्त्वाची वाटते. पाच वर्षांच्या योजनेत पैसे संपतात तेव्हा पाणी अजून वाटेतच असतं.

ता. क. चुकलेलं वाक्य लेखात खोडून तसंच ठेवलंय आणि खाली दुरुस्ती लिहिली आहे. पुसून टाकलं असतं तर तुमची प्रतिक्रिया अधांतरी लटकली असती.