पाच पानं

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या चिरंजीवांचं दप्तर उघडलं. आधी पाण्याची बाटली निघाली, मग पाणी निघालं, आणि तळाशी शाळेच्या चिठ्ठीचा लगदा. टोरोंटोतल्या त्याच्या फ्रेंच इमर्शन किंडरगार्टनमधून आठवड्याला एक चिठ्ठी येते. वरच्या अर्ध्यात पालकांसाठी इंग्रजीत सूचना, खालच्या अर्ध्यात मुलं शिकलेले फ्रेंच शब्द. वरचा अर्धा भाग पार गेला होता. खालचा ठणठणीत. पाणीसुद्धा माणूस बघून शिरतं.

लोतॉन, ला पोम, ला सित्रुय, लेक्युरय, ला फय.

"सोमवारी काय न्यायचंय रे?"

"पाच फय."

"फय म्हणजे?"

"फय म्हणजे फय."

यात त्याची चूक नाही. मादाम, म्हणजे त्याच्या वर्गाच्या बाई, वर्गात भाषांतर करतच नाहीत, हीच तर या इमर्शन शिक्षणाची खुबी. वस्तू दाखवायची, शब्द म्हणायचा, मुलाच्या डोक्यात दोन्ही थेट चिकटतात, मध्ये इंग्रजी नाही की मराठी नाही. ही कल्पना १९६५ सालची. मॉन्ट्रियलजवळच्या सँ-लाँबेर गावातल्या काही इंग्रजी बोलणाऱ्या आया शिक्षण मंडळाच्या मागे हात धुऊन लागल्या आणि त्यांनी पहिला इमर्शन वर्ग सुरू करवला, तोही किंडरगार्टनचाच. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅनडाच्या झेंड्यावर मेपलचं पान आलं. त्या आया आणि ते पान, दोघांनी साठेक वर्षांनी मिळून माझा सोमवार खाल्ला.

"बरं, मादाम फय कधी म्हणतात?" मी वकिली सुरू केली.

"रोज म्हणतात. प्राँ ऊन फय! मग आम्ही घेतो आणि चित्र काढतो."

कागद! नवऱ्याने मोबाइलवर खात्री केली. तो त्रेचाळीस दिवस न चुकता ॲपवर फ्रेंच शिकत होता आणि 'मांजर सफरचंद खाते' इथपर्यंत पोचला होता. फय म्हणजे कागदाचा ताव, त्याने जाहीर केलं. प्रिंटरमधले पाच कोरे कागद काढले, कोपरे मुडपू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातले, वर चिरंजीवांचं नाव लिहिलं. एवढी नीटनेटकी तयारी आम्ही व्हिसाच्या अर्जानंतर पहिल्यांदाच केली.

सोमवारी तो घरी आला तो बूट न काढता सोफ्यावर बसला.

"सगळ्यांनी झाडाचे आणले," तो म्हणाला. "मी प्रिंटरचे."

आमचे दोघांचे चेहरे कोरे, त्या कागदांसारखेच. देवापाशी घटाला माळ बांधत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. साताऱ्याहून त्या सप्टेंबरात आल्या होत्या आणि फ्रेंच भाषेशी त्यांचा संबंध त्याआधी कधी आला नव्हता.

"मग पान म्हण की! पुस्तकाचं पान, झाडाचं पान. आपल्यात नाही का तसंच?"

अर्ध्या मिनिटात निकाल. आम्ही फय इंग्रजीतून शोधत गेलो म्हणून फसलो. मराठीतून गेलो असतो तर दोन्ही अर्थ एकाच शब्दात हातात आले असते. नवऱ्याने ॲप बंद केलं. त्रेचाळीस दिवस तिथेच संपले.

मादामनी उदार मनाने गुरुवारपर्यंत मुदत दिली होती. पाच पानं, पाच रंगांची: हिरवं, पिवळं, नारिंगी, लाल, तपकिरी. ऐकायला सोपं आहे. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरचे सगळे नॉर्वे मेपल हिरवेगार उभे होते. ही जात कुणाच्या घाईला भीक घालत नाही. उशिरापर्यंत हिरवी राहते आणि मग लाल न होता नुसती पिवळी पडते. वर त्यातल्या निम्म्या पानांवर काळे ठिपके, डांबराचे थेंब उडाल्यासारखे. बुरशी असते ती. चिरंजीवांनी एकेक पान निरखून नापास केलं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनीसुद्धा इतकं बारकाईनं पाहिलं नसेल.

लाल झाड होतं फक्त कोपऱ्यावरच्या शेजारीणबाईंच्या अंगणात. मी ऑफिसच्या कपड्यांत तिथे वाकून एक चांगलं लाल पान उचलत होते तेवढ्यात दार उघडलं. मला वाटलं आता काही खरं नाही. पण पाने गोळा करायचा दाताळा हातात असलेल्या त्या बाईंना माझं दुःख सांगताच त्या इतक्या हर्षभरित झाल्या की त्यांनी अंगणातलं पानांनी भरलेलं अख्खं कागदी पोतं माझ्या हवाली केलं. 'सगळं घेऊन जा, अजून देते.' मागायला गेले पाच आणि आणलं बारदान. नाही म्हणायची सोय नव्हती.

ते पोतं दिवाणखान्यात अर्धं उपडं केलं. चिरंजीवांनी लगेच वर्गातला खेळ मांडला: रंगाप्रमाणे ढीग, मग आकाराप्रमाणे ढीग, मग मोजणी. पानांबरोबर आलेला एक कोळी आणि पुष्कळसे इतर पाहुणे टीव्हीखाली स्थायिक झाले. 'वेर, जोन, ओरांझ, रूज, ब्रँ,' तो म्हणायचा आणि आजी मागून म्हणायच्या. रूजपाशी गाडी अडायची. "आजी, तसा र नाही. घशातून!" घशातून म्हटल्यावर सासूबाई मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्या तसा आवाज काढायच्या, आणि खरं सांगते, घरात सगळ्यात अस्सल र त्यांचाच.

पानं रंग का बदलतात हेही त्याने समजावलं. थंडी पडली की हिरवा रंग विरतो. पिवळा काही नव्याने येत नाही, तो आधीपासून आतच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र मेपल नवा तयार करतो.

"कळलं," आजी म्हणाल्या. "माझ्या केसांची मेंदी उतरली की पांढरा दिसतो, तसं."

मी अंघोळ करून बाहेर आले तर जमीन लख्ख. ढीग गायब. "केवढा पाचोळा झाला होता गं," म्हणत सासूबाई केरसुणी कोपऱ्यात ठेवत होत्या. पुढचा अर्धा तास मी कचऱ्याच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून होते. चिरंजीव शेजारी उभं राहून रंगांची नावं पुकारत होते. लाल पान चहाच्या चोथ्याखाली सापडलं. धुऊन घेतलं.

आता ते वाळवून सपाट करायचं होतं. लहानपणी आम्ही पिंपळाचं पान भूगोलाच्या पुस्तकात ठेवून विसरून जायचो, वर्षाने जाळी मिळायची. इथे हातात दोन रात्री होत्या. वर्गातल्या एका आईने इलाज सांगितला: मेणकागदाच्या दोन थरांमध्ये पान ठेवायचं आणि वरून इस्त्री फिरवायची, मेण वितळतं, पान सीलबंद होतं. घरात मेणकागद नव्हता. पोळ्या गुंडाळायचा बटर पेपर होता. सारखाच दिसतो की! फरक इस्त्री फिरवल्यावर कळला. बटर पेपरला मेण नसतं. वीस मिनिटं इस्त्री करूनही कागद कागदाच्या जागी, पान पानाच्या जागी, कुणाचं कुणाशी काही देणंघेणं नाही. फक्त घरभर चहाचा वास. शेवटी पाचही पानं रद्दीच्या घडीत घातली, वर पोळपाट, त्यावर डाळीने भरलेला पाच लिटरचा कुकर. गुरुवारी पानं शाळेत गेली आणि शुक्रवारी माणसात आल्यासारखं वाटलं.

(मधल्या काळात पायरीवर ठेवलेला भोपळा खारींनी पोखरला. इथल्या खारी काळ्याकुळकुळीत आणि मांजराएवढ्या आगाऊ. सासूबाईंनी पाठीवरची रामाची तीन बोटं शोधली, दिसली नाहीत. "सेतूच्या कामाला यांच्यातली कुणी गेलीच नसणार," म्हणाल्या. खारीचा वाटा मात्र घेऊन गेल्या होत्या, तोही सबंध भोपळ्याएवढा.)

शुक्रवारी दप्तरातून तो प्लॅस्टिकचा फोल्डर परत आला. मादामनी आमचे पाच कोरे कागद ठेवून घेतले होते. त्याच्याच पाच पानांवर एकेक कागद ठेवून वरून मेणाचा खडू आडवा घासायला दिला होता, आणि पानाची शीर न् शीर कागदावर उमटली होती. लाल पानाच्या देठाजवळ एक गोल डाग होता. चहाचा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी १२ ऑक्टोबरला, दसरा. सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी, म्हणजे सगळं आयतं जुळलेलं. आपटा कुठून आणणार? पूजेनंतर चिरंजीवांनी शेजारीणबाईंच्या पोत्यातली उरलेली पिवळी पानं सगळ्यांना सोनं म्हणून वाटली. आपट्यापेक्षा चौपट मोठं सोनं. सासूबाईंना एकच पान दोन्ही हातांनी घ्यावं लागलं. "भाव चढलाय," त्या म्हणाल्या आणि देवापाशी ठेवलं.

जेवायला नवऱ्याचा एक मित्र आला होता. श्रीखंड वाटीत निघालं, पुऱ्या फुगायला लागल्या. कढईपाशी मी होते, म्हणून सासूबाईंनी नातवाला हाक मारली:

"बाळा, पाच पानं घे रे पटकन!"

तो जागच्या जागी थांबला. चेहरा एकदम गंभीर झाला. या आठवड्यात तो बरंच शिकला होता.

"आजी," त्याने विचारलं, "झाडाची की प्रिंटरची?"