परदेशातला पहिला प्रश्न शेजाऱ्याला विचारा, ग्रुपला नको

स्टुटगार्टला स्थिरावताना आलेल्या अनुभवांवरून माझं एक ठाम मत झालंय. जर्मनीत नव्याने येणाऱ्या आपल्या मुलामुलींनी घर, कचरा, जिना, खिडकी, रविवार यातलं काहीही अडलं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारण्याआधी शेजारच्या दाराची बेल वाजवावी. मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करत का होईना, पण वाजवावी. ग्रुपवर उत्तर लवकर मिळतं हे खरं, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्याच शहराचं असतं.

आता गमती सांगते, म्हणजे मत कुठून आलं ते कळेल.

इथे राहायला आलं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणीला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. घरमालकाला पगाराची पावती हवी असते. पगार जमा व्हायला बँकेचं खातं लागतं आणि खातं उघडताना बऱ्याच बँका विचारतात, नोंदणीचा कागद कुठाय? या चक्रात नव्या माणसाने कुठून शिरायचं हे सगळ्यांना आधी कोडं वाटतं. उत्तर साधं आहे : काही दिवसांसाठी अशी सज्ज खोली घ्या, जिचा मालक नोंदणीचं पत्र देतो. हे मला आमच्या आधीच्या खोलीसमोर राहणाऱ्या निवृत्त ट्रामचालकाने कागदावर बाण काढून समजावलं. खोलीची जाहिरात बघतानाच 'नोंदणी होईल का' हे विचारून घ्या, एवढं जरूर लक्षात ठेवा.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो आणि त्यावरून आपल्याकडे उगाच घबराट पसरते. कारण सरळ आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून सरकार चर्चकर गोळा करतं, इथे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आणि बव्हेरियात तो आयकराच्या ८ टक्के असतो, बाकी राज्यांत ९. जे या चर्चचे सदस्य नाहीत त्यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. पुढे काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो. "आमच्याकडे टीव्हीच नाही" हे सांगून उपयोग नाही, कारण २०१३ पासून ही वर्गणी टीव्हीवर नाही, घरावर आहे. चौघं मिळून राहत असाल तर चौघांत मिळून एकच. संपला विषय.

खरी धमाल घर मिळाल्यावर. आम्हाला ताबा मिळाला तेव्हा स्वयंपाकघरात ओटा नव्हता, सिंक नव्हतं, कपाटं नव्हती. भिंतीतून दोन नळ्या आणि छतातून तारा लोंबत होत्या. माझे सासरे व्हिडिओ कॉलवर होते, ते म्हणाले, "अहो, चोरी झाली का काय? पोलिसांना कळवा आधी!" चोरी नव्हती. इथे बरेच भाडेकरू स्वयंपाकघर स्वतःच्या पैशाने बसवतात आणि जाताना घेऊन जातात, दिवेसुद्धा. नाहीतर येणाऱ्या भाडेकरूला विकतात. त्यामुळे घर बघायला गेलात की ओटा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, तो घराबरोबर आहे की जाणार आहे हे तिथल्या तिथे विचारा. आम्ही सुरुवातीला एका विजेच्या शेगडीवर आणि न्हाणीघरातल्या बेसिनवर संसार केला, आणि तो अतिशय आनंदात केला. भांडी घासायला तिथे रांग लागायची आणि रांगेत गप्पा व्हायच्या.

घराला नंबर नसतो, म्हणजे इमारतीला असतो, आतल्या फ्लॅटला बहुधा नसतो. खाली बेलच्या पाट्या, त्यावर आडनावं. आडनाव नाही तर टपाल नाही, बँकेचं कार्ड परत जातं. आणि पाटी असते बोटाएवढी! आमचं आडनाव रोमन लिपीत त्यात मावेना. नवऱ्याने बारीक अक्षरांत छापून, कातरीने कापून ते बसवलं. ते वाचायला कुरिअरवाला पाटीला नाक लावतो.

तर हा कुरिअरवालाच आमचा खरा उपकारकर्ता. तुम्ही घरी नसलात की तो पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतो आणि तुमच्या पेटीत चिठ्ठी टाकतो. कुकरचं पार्सल आमच्या तळमजल्यावरच्या आजींकडे गेलं. आम्ही त्यांना आपसांत आजी म्हणतो, समोर अर्थातच 'फ्राउ', म्हणजे श्रीमती, आणि आडनाव. पार्सल आणायला गेले तर आजींनी खोक्यावरचं चित्र बघून विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि त्यांच्या आईचा जुना जर्मन कुकर घेऊन आल्या, जाड बुडाचा, शिट्टी नसलेला. दोन कुकर दारात समोरासमोर ठेवून आम्ही उभ्या. आमचा शिट्टी कशी देतो ते दाखवायला त्यांना वर बोलावलं. पहिली शिट्टी झाली आणि आजी दोन पावलं मागे सरल्या, दुसरीला टाळ्या वाजवल्या. ती दुपार माझ्या इथल्या आयुष्यातली फार मोलाची आहे.

त्यानंतर सगळे प्रश्न आजींना. पहिला केरवोखेचा, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याचा. श्वाबियातली ही प्रथा, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या सगळ्या भागातली. ज्या कुटुंबाची पाळी असेल त्यांच्या दाराला एक पाटी लटकते. पाटी लटकली की तो आठवडा जिना तुमचा. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना आणि कठडा. मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ, आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फसुद्धा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. या सवयीचं मूळ फार जुनं आहे : शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपलं शेण-उकिरडं दर आठवड्याला बाहेर न्यावं, असं १४९२ च्या स्टुटगार्टच्या नियमांत होतं. आज ती बहुतेक ठिकाणी भाडेकराराच्या जोरावर टिकून आहे.

पाटी पहिल्यांदा आमच्या दाराला लागली तेव्हा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "हा परदेशी लोकांना त्रास द्यायचा प्रकार आहे, लक्ष देऊ नका." मला हे फार खटकलं. त्याच पाटीच्या आधीच्या आठवड्यात एक सर्जन बाई, दिवसभर शस्त्रक्रिया करून आलेल्या, त्याच जिन्यावर गुडघ्यावर बसून कोपरे पुसत होत्या. आणि आमच्या पाळीच्या शनिवारी आजी खुर्ची टाकून दारात बसल्या आणि कुठल्या पायरीला कुठलं फडकं ते सांगत राहिल्या. लाकडाला ओलं कमी, दगडाला चालतं, आणि पायपुसणं उचलून खालचं झाडायचं, हे विसरायचं नाही! मधल्या वेळात तीन मजल्यांवरची माणसं खाली उतरली, प्रत्येक जण थांबला, प्रत्येकाने नाव विचारलं. इमारतीतल्या सगळ्यांची ओळख मला त्या एका बादलीने करून दिली. ऑफिसातल्या कुठल्याही पार्टीत असं झालं नव्हतं.

पिझ्झाच्या तेलकट खोक्याचंही तेच. ग्रुपवर त्याचा फोटो टाका आणि मजा बघा : म्युनिकवाला म्युनिकचं सांगतो, बर्लिनवाली बर्लिनचं, डब्यांचे रंग गावोगाव वेगळे, त्यामुळे निळ्या-काळ्यावरून जुंपते आणि खोकं स्वयंपाकघरातच. आजींनी खोकं हातात घेतलं, झाकण फाडून कागदात टाकलं, तेल लागलेला तळ उरलेल्या कचऱ्यात. दहा सेकंद. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या अशा वेगळ्या टाकायच्या. निळी बाटली? हिरव्यात. रविवारी टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. पाण्या-सरबताच्या बाटल्या आणि कॅन तर टाकायचेच नाहीत, एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. कुणी घाईत असेल तर बाटली कचरापेटीच्या आत न टाकता बाजूला उभी ठेवतो, म्हणजे ज्याला त्या पैशाची गरज आहे त्याला हात घालून शोधावं लागत नाही. मला ही रीत मनापासून आवडते.

रविवारबद्दल आपल्या लोकांची फार कुरकुर असते. दुकानं बंद, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, गोंगाट नाही. पण रविवारची विश्रांती इथे थेट राज्यघटनेत आहे : १९१९ च्या वायमार घटनेचं १३९ वं कलम आजच्या घटनेने १४० व्या कलमातून जसंच्या तसं पुढे चालू ठेवलंय. दुकानात काम करणाऱ्या बाईलाही आठवड्यातून एक दिवस आपल्या मुलांबरोबर मिळावा, यात कुरकुर करण्यासारखं काय आहे? दूध शनिवारी आणा. विसरलात तर मोठ्या रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, आणि तिथे रविवारी सकाळी निम्मं शहर दुधाची पिशवी घेऊन एकमेकांकडे बघून हसत असतं.

आणि खिडकी! बाहेर उणे पाच आणि आजी म्हणतात, उघड. सताड. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. आपल्याला वाटतं की थोडी तिरकी उघडून दिवसभर ठेवली म्हणजे भागलं. तसं केलं की हवा बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र थंड पडते, आणि आपल्या भाताच्या, वरणाच्या, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वाफेचं पाणी नेमकं त्या थंड भिंतीवर जमतं. तिथे बुरशी. मग घर सोडताना घरमालकाशी वाद. सताड उघडली की ओलसर हवा झटक्यात बाहेर जाते, भिंती गरमच राहतात. आजींनी हे मला काचेवर बोट फिरवून, ओलं बोट दाखवून शिकवलं. फोडणीच्या दिवशी तर त्या खालूनच ओरडतात, "खिडकी!"

प्रवासाचंही थोडं सांगते. जर्मनी-तिकीट काढलं की महिनाभर देशातल्या सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालंय. लांबच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही, आणि मी म्हणते तेच बरं. हळू गाडीत माणसं भेटतात. स्टुटगार्टातल्या मारीएनप्लात्झहून डेगरलोखला चढणारी दातेरी रेल्वे १८८४ पासून आहे, तिच्या पुढे सायकलींसाठी वेगळा डबाच जोडलेला असतो. आपण आत, आपल्या सायकली समोर उभ्या, आणि खाली सगळं शहर. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते, राजवाडे नंतर.

स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेल्या कॉन्स्टान्झला गेलात तर फोनवर लक्ष ठेवा. तळ्याकाठी चालताना फोन गुपचूप स्वित्झर्लंडचं नेटवर्क पकडतो, आणि युरोपीय संघातली मोफत रोमिंगची सोय स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही. तिथूनच पुढे ब्यूझिंगन नावाचं गाव आहे. गाव जर्मनीचं, पण चहूबाजूंनी स्वित्झर्लंड. पिनकोड दोन, एक जर्मन, एक स्विस. फ्रँकही चालतात, युरोही. आम्ही तिथे जाताना गाडी एका चिमुकल्या स्टेशनावर अडकली, पुढची येईना. फलाटावर सगळे ताटकळलेले. एका काकांनी पिशवीतून केक काढला, आम्ही चकल्या काढल्या, आणि ज्या जर्मन लोकांबद्दल "ते बोलतच नाहीत" असं मी इतक्यांदा वाचलंय, त्यांनी मला चकलीच्या सोऱ्याचं चित्र काढायला लावलं. ती माणसं थंड नाहीत. त्यांना बोलायला काहीतरी निमित्त लागतं : पार्सल, पाटी, अडकलेली गाडी.

"आम्हाला भाषा येत नाही, बेल कशी वाजवणार?" हे मला नेहमी विचारलं जातं. अहो, भाषा येते तीच अशी. वर्गात शुद्ध जर्मन शिकलो तरी आजी बोलतात श्वाबियाची बोली, त्यामुळे वर्गातलं सगळं पहिल्या दिवशी कोलमडतं. पण हातात खोकं असलं, समोर डबे असले की अर्थ आपोआप लागतो. ग्रुप व्हिसाच्या कागदांसाठी ठेवा, रात्री दवाखान्यात कुणी सोबत हवं असेल तेव्हा ठेवा. तिथे आपली माणसं धावून येतात, मी पाहिलंय.

आता एक विनंती. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे आजींनी कुठेतरी वाचलं आणि या हिवाळ्यात त्या मुंबईला निघाल्यात. रोज संध्याकाळी वर येऊन प्रश्न विचारतात. रविवारी दुकानं उघडी असतात का? रिकामी बाटली कुठे परत करायची? बेलवर आडनाव असतं ना? तुमच्या इमारतीत जिना कोण झाडतं, आणि पाटी कुठे लावतात? मला जमेल तितकं सांगतेय, पण हे सगळं तिथल्या जिन्यात उभं राहूनच कळायला हवं. दादर, माहीम, पार्ले भागातल्या कुणाच्या सोसायटीत त्यांना एक दुपार घालवता आली तर फार बरं होईल. कुकरची शिट्टी त्यांना चालते, चहा बिनसाखरेचा लागतो, इंग्रजी थोडं समजतं. इच्छा असेल त्यांनी मला मेसेज करा.