अनुबियास वाळूत पुरू नका

माशांच्या टाकीतल्या झाडांवरच्या तुमच्या लेखात कमी उजेडासाठी अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती सुचवल्यात, ते अगदी बरोबर. पण 'मुळांसकट वाळूत नीट दाबून लावा' हे वाक्य कृपया बदला. या दोन्हींचा आडवा जाड कंद वाळूखाली गेला की कुजतो, मग पानं एकेक करून सुटतात. आमचं घर बडोद्याला दांडिया बाजारात, तळमजल्यावर. दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. पहिली तीन अनुबियास मी अशीच पुरून घालवली. चौथं साध्या सुती दोऱ्यानं दगडाला बांधलं, मुळांनी दगड धरला, आणि आज चार वर्षं ते तिथेच आहे. वाढ सावकाश, महिन्याला जेमतेम एखादं पान, म्हणून टाकीचा दिवा सहा-सात तासांपेक्षा जास्त ठेवू नका. जास्त उजेडात पानांवर शेवाळ चढतं.

क्रिप्टोकोरीन हे टाकीतलं दुसरं झाड मात्र वाळूतच लावायचं. नव्या पाण्यात बरेचदा त्याची सगळी पानं विरघळतात, तुम्ही हे लिहायला हवं होतं. लोक मेलं समजून उपटून टाकतात. मुळं तशीच राहू द्या, काही आठवड्यांत नवे कोंब येतात. जावा फर्नच्या पानांखालचे काळे ठिपकेही बहुधा रोग नसतात हो, ते बीजाणूंचे पुंजके असतात; जुन्या पानांवर छोटी रोपंही धरतात.