'नॅनो लसीने ॲलर्जी कायमची बरी': हा मेसेज पुढे पाठवू नका

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "नॅनो कणांची लस आली. एकाच इंजेक्शनात ॲलर्जी, दमा कायमचा बरा. दुष्परिणाम शून्य. पंप बंद करा."

लस आली? नाही. संशोधन मात्र खरं आहे. 2023 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शेंगदाण्यातल्या प्रथिनाच्या एका तुकड्याचा एमआरएनए, म्हणजे तो तुकडा बनवण्याची सूचना, नॅनो (अतिसूक्ष्म) कणांत भरून थेट यकृतापर्यंत पोचवला. परक्या पदार्थाला सहन करायला शरीर यकृतातही शिकतं. रिॲक्शन खरंच सौम्य झाली, पण उंदरांमध्ये. आपल्याकडे शेंगा चटणीशिवाय ताट वाढलं जात नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पोराच्या आईने मेसेजवर विश्वास ठेवून बोटभर चटणी चाटवली, तर?

एकाच इंजेक्शनात? ॲलर्जीची इंजेक्शनं 1911 पासून आहेत; लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांपासून ती सुरू केली. आजही डोस हळूहळू वाढवत कोर्स तीन ते पाच वर्षं चालतो. हा काळ कमी व्हावा म्हणूनच तर नॅनो कणांची खटपट आहे. ॲलर्जी आणणारं प्रथिन कणाच्या पोटात लपवलं की अँटिबॉडींना, म्हणजे परका पदार्थ ओळखणाऱ्या शरीरातल्या प्रथिनांना, ते चटकन सापडत नाही.

दुष्परिणाम शून्य? यातले काही कण पीएलजीए नावाच्या पदार्थाचे असतात, म्हणजे जखम शिवायच्या विरघळणाऱ्या टाक्यांत वापरतात तोच. पण प्रथिन कणाबाहेर गळलं तर रिॲक्शन येऊ शकते. साध्या इंजेक्शननंतरसुद्धा अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात, ते उगाच नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो दम्याच्या ओळीचा. आपल्या शहरात यंत्रमाग आणि सूतगिरण्यांत घरंच्या घरं राबली आहेत. सुटीनंतर कामावर गेलं की छाती आवळते, ही तक्रार कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची जुनीच. दम्यासारख्या वाटणाऱ्या त्या आजाराचं नाव बिसिनोसिस. त्याचं मूळ धुळीतल्या जिवाणूंच्या विषात मानलं जातं, ॲलर्जीच्या अँटिबॉडीत नाही. तिथे नॅनो काय, जुनी इम्युनोथेरपी, म्हणजे ॲलर्जीची इंजेक्शनं, तीही उपयोगाची नाही. धूळ कमी करणं, मास्क, वेळीच छातीच्या डॉक्टरला दाखवणं, एवढंच हाती आहे.

आणि पंप? दमा आटोक्यात नसेल तर डॉक्टर ॲलर्जीची इंजेक्शनं सुरूच करत नाहीत, कारण जिवावरची रिॲक्शन येण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. पंप बंद करून दमा उसळलेल्या माणसाला नवी सोडाच, आज मिळते ती इम्युनोथेरपीसुद्धा मिळणार नाही.