‘हौशी’ माणसाचे उत्तर : चौकोनी बाटलीविषयी

महोदय,

सप्रेम नमस्कार. ठाण्याच्या चेंदणीतील आमचे आजोळचे घर पुनर्विकासासाठी पाडताना माळ्यावर सापडलेल्या काळपट हिरव्या चौकोनी बाटलीवर मी लेख लिहिला, त्यावरची आपली प्रदीर्घ प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. आपण लिहिता, “तळाचा वण साच्याचाच आहे, आणि एवढेही न ओळखता बाटलीला एकोणिसाव्या शतकातील डच जिनची ठरवणे ही हौशी संग्राहकांची जुनी खोड आहे.” मतभेद असावेत, चूक दिसली तर ती जरूर दाखवावी, परंतु ज्याच्याशी आपली ओळखपाळख नाही, अशा माणसाच्या वकुबावर चार लोकांसमोर शेरा मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला कळलेले नाही. प्रतिक्रियेच्या शेवटी “राग नसावा” असे लिहिले म्हणजे आधीचे सगळे धुऊन निघते, असे आपल्याला वाटत असावे.

आता हौशीपणाविषयी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका काच कारखान्यात माझी सारी नोकरी झाली, आणि तीही तपासणी विभागात. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांतून तडा, बुडबुडा, वाकडी मान, ओठावरचा कपचा हुडकण्यात ज्याचे डोळे गेले, त्याला साच्याची खूण कोणती आणि तुटलेल्या काचेची कोणती, हे कोणी शिकवावे लागत नाही. यंत्रावर झालेल्या बाटलीची शिवण, म्हणजे साच्याच्या फाळ्यांच्या सांध्याची उमटलेली रेघ, अंगावरून चढत थेट ओठावरून जाते. मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ साली आले आणि पुढे यंत्रांचा प्रसार झाला, तसतशी ही शिवण जगभरच्या बाटल्यांवर दिसू लागली. आमच्या बाटलीवर ती ना अंगावर आहे, ना मानेवर, ना ओठावर.

राहिला तळाचा वण. साच्यातून उमटलेली खूण कितीही ठळक असली तरी तिच्या कडा मऊ असतात, कारण काच तिथे वाहत जाऊन थिजलेली असते. या बाटलीच्या तळाशी, मधल्या खोलगट भागात, रुपयाहून थोडे मोठे ओबडधोबड कडे आहे; त्यावरून बोट फिरवले तर नख अडकते आणि भिंगाखाली काचेच्या ताज्या तुटीसारख्या चकचकीत कपच्या दिसतात. हे असे होते, कारण बाटलीचे अंग तयार झाल्यावर कारागीर तिच्या तळाला तापलेल्या काचेच्या गोळ्याने लोखंडी सळई चिकटवीत असे, मग मान फुंकणीपासून तोडून, तेच टोक पुन्हा भट्टीत धरून त्याचा ओठ घडवीत असे, आणि सरतेशेवटी सळईला हिसका देऊन ती सोडवीत असे. सळईबरोबर काच निघते आणि मागे वण राहतो. १८५० नंतरच्या काही दशकांत बाटलीला बाहेरून कवेत धरणारी पकड रूढ झाली आणि बाटल्यांच्या धंद्यातून ही सळई मागे पडत गेली. बाटलीचा काळ ठरवताना मी या वणावर भर दिला तो याच कारणासाठी, खोड म्हणून नव्हे.

एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. लेखात मी “फुंकून केलेली” एवढेच म्हटले होते. “साच्यात फुंकून केलेली” असे म्हणणे अधिक नेमके झाले असते. मात्र हा साचा म्हणजे आपल्या मनात असलेला दोन फाळ्यांचा साचा नव्हे. तो एकसंध आणि वरून उघडा असे. त्यात काचेचा फुगा उतरवून फुंकायचे आणि सरळ वर उपसून घ्यायचे. कुल्फीचा साचा ज्या कारणासाठी खाली निमुळता असतो, त्याच कारणासाठी ही बाटली खांद्याशी रुंद आणि तळाशी अरुंद आहे. अंग साच्याच्या थंड भिंतीला लागल्यामुळे किंचित खरखरीत आणि लहरी दिसते, तर साच्याबाहेर मोकळे राहिलेले खांदे आणि मान लखलखीत आहेत. ही सीमारेषा खिडकीशी धरल्यावर अगदी स्पष्ट दिसते. मानेतील बुडबुडेही काच ओढली गेली त्या दिशेने लांबट झालेले आहेत.

चौकोनी आकार पेटीत बाटल्या खेटून बसाव्यात म्हणून असे, आणि हॉलंडची जिन अशाच बाटल्यांच्या पेट्यांतून देशोदेशी जात असे. अशा बाटल्या जर्मन भूमीतही होत, हे मला ठाऊक आहे आणि लेखात ते लिहिलेलेही आहे. आपण तो परिच्छेद बहुधा वाचला नसावा.

आपले उरलेले आक्षेप थोडक्यात. बाटली तळेगावची असू शकेल, असे आपण सुचवता. तिथे पैसाफंडाचा, म्हणजे लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतला, काच कारखाना १९०८ साली निघाला, त्याविषयी मला आपल्याइतकाच अभिमान आहे. पण वणाबद्दल वर लिहिले आहे, ते कृपया पुन्हा वाचावे. “त्या घरात जिन कोण पीत होते?” हा प्रश्न खोचक आहे, म्हणून त्याचे उत्तर देण्याचे मला कारण नाही. मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला ठाण्यात यायला १८५३ पासून आगगाडी होती, आणि आमच्या घरी त्या बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या गोडेतेल राहिले. ती हल्ली बनवलेली नक्कल असावी, ही शंका आमच्या आजीला ओळखणाऱ्या कोणाच्याही मनात आली नसती.

तळाचे छायाचित्र लेखात नव्हते, ते आता जोडले आहे. ते पाहूनही आपले मत बदलले नाही, तर असा वण साच्यात कसा उमटतो, तेवढे कृपया लिहून कळवावे.

आपला,
नौपाडा, ठाणे