आधी यादी, मग माफी

आज शांतता समितीच्या बैठकीत पुन्हा तेच. दंगलीत दुकान जळालेला एक शिंपी उभा राहिला. हातात वहीचं पान, त्यावर पेनानं लिहिलेलं: शिलाई मशीन 2, गिऱ्हाइकांचं कापड, दिवाळीची उधारी. दोन ओळी वाचल्या नाहीत तोवर पुढच्या खुर्चीवरून आवाज आला, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता मिटवून टाका." चहा आला, फोटो निघाला, संपलं. डोकं अजून तापलेलंच आहे.

रवांडात 1994 साली साधारण 100 दिवसांत 8 लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बरीचशी शेजाऱ्यांच्याच हातून. लाखावर आरोपी तुरुंगात, कोर्टं मोडकळीला. शेवटी त्यांनी गचाचा ही गावबैठकीची जुनी रीत कायद्यात बसवली. 2005 पासून ती देशभर चालली, 2012 ला बंद झाली. तोवर 19 लाखांवर प्रकरणं निकाली निघाली.

तिथे सुरुवात माफीनं नव्हती. आधी यादी! वस्तीत आधी कोण राहत होतं, त्यातलं कोण मारलं गेलं, कुणाचं काय लुटलं, आणि कुणी. सगळं चारचौघांत. मग वर्गवारी: कट रचणारे मोठ्या कोर्टात, मारेकरी गावसभेपुढे, नुसती लूट केलेल्याला कैद नाही, भरपाई. शिक्षेत सूट हवी असेल तर काय केलं, सोबत कोण होतं, मृतदेह कुठे टाकला, हे सगळं उघड सांगायचं. नुसतं "चुकलं" चालायचं नाही. युगांडातले अचोली लोक खुनानंतर समेट करताना मातो ओपुतचा कडू काढा दोन्ही घरं मिळून पितात, पण कबुली आणि भरपाई ठरल्याशिवाय नाही.

आणि आपण शिंप्याला दोन ओळीही वाचू देत नाही.

मान्य, गचाचातही घोळ होते. आरोपीला वकील नाही, बिनपगारी पंचांतले काही लाच खायचे, साक्षीदारांचे खून झाले, जुन्या भांडणातून खोटे आळ आले. आरपीएफच्या, म्हणजे नंतर सत्तेवर आलेल्या बंडखोर फौजेच्या, सैनिकांनी केलेल्या हत्या तर त्यात घेतल्याच नाहीत. भरपाई कित्येकांना मिळाली नाही, कारण देणाराच कफल्लक.

गावकीच्या हाती निकाल द्या असं मी म्हणत नाहीये. बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागलेलं राज्य आहे आपलं. आर. आर. आबांनी 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम आणली तीही तडजोडीच्या तंट्यांसाठी. खून, जाळपोळ कोर्टातच जायला हवी. पण यादी करायला गावाला कुणाची परवानगी लागते?

गांधीहत्येनंतरच्या, अठ्ठेचाळीसच्या जळिताचंच बघा ना. सातारा-सांगलीकडच्या किती गावांत ब्राह्मणांची घरं पेटली. त्यावर कुठल्या पारावर उघड बैठक बसल्याचं ऐकलंय कुणी? अजून आवाज खाली करूनच बोलतात माणसं. मिरज 2009, पुसेसावळी 2023, या दंगलींचंही तसंच व्हायचं का?

समितीतल्या मित्रांनो, पुढच्या वेळी विषयपत्रिकेवर पहिला विषय यादीचा घ्या. घरागणिक एक पान: काय गेलं, किमतीला किती, पंचनामा झाला का, भरपाई किती आली. ज्याचं गेलं तोच वाचेल आणि मधे कुणी बोलणार नाही. शिंप्यापासून सुरू करा. भाषणं आणि चहा नंतर.